व्हर्च्युअल मशीनमधील फाइली पुसल्या, तरी होस्टवरील डिस्क-फाइल लहान होत नाही. जागा परत कशी मिळवावी?

ग्रंथसेवक

नमस्कार.

आमच्या ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांचे अंक स्कॅन करून जतन करण्याचे काम चालते. त्यासाठी एका सर्व्हरवर (म्हणजे होस्टवर) उबुंटू २२.०४ आणि केव्हीएम ही व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय बसवून तीन मशीन चालवल्या आहेत. त्यांपैकी स्कॅनिंगच्या मशीनला ६०० जीबीची क्यूकाऊ२ प्रकारची डिस्क (होस्टवर एका फाइलीत साठवलेली आणि लिहिले जाईल तशी वाढणारी) दिलेली असून आत उबुंटू २०.०४ आहे. स्कॅनरमधून येणाऱ्या टिफ फाइली आधी या मशीनमध्ये साठतात. पाने सरळ करणे, कडा छाटणे ही कामे उरकली की तयार प्रती दुसऱ्या साठवणीवर जातात आणि मूळ टिफ फाइली पुसल्या जातात.

अडचण अशी आहे की, मशीनच्या आत वापरातली जागा दाखवणारी डीएफ कमांड दिली असता केवळ ८५ जीबी वापरात दिसतात, परंतु होस्टवर डीयूने पाहिले तर त्याच मशीनची डिस्क-फाइल ५४० जीबी अडवून बसलेली दिसते. होस्टच्या १ टीबीच्या पार्टिशनवर आता जेमतेम ४० जीबी मोकळे आहेत. तेही संपले तर उरलेल्या दोन मशीनचे काय होईल, याची मला काळजी वाटते, कारण वाचकांसाठीची सूची त्यांतल्याच एकीवर आहे.

मशीनच्या आत एफएसट्रिम (रिकामी जागा खालच्या डिस्कला कळवणारी कमांड) सर्व फाइल सिस्टिमसाठी एकदम चालवून पाहिले. कोणतीही त्रुटी दिसली नाही, पण होस्टवरचा आकडाही जराही हलला नाही. मशीनच्या आत शून्यांनी भरलेली मोठी फाइल तयार करून ती पुसावी आणि मग क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट या कमांडने डिस्क-फाइलची नवी प्रत काढावी, असा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळाला. आमच्या परिस्थितीत तो सुरक्षित आहे का? ही मशीन रात्री काही तास बंद ठेवता येते.

कळफलक

सर्वांत आधी एक विनंती: शून्यांची फाइल कृपया तयार करू नका. आपल्या मशीनला वाटते की तिच्याकडे ५०० जीबींच्या आसपास मोकळी जागा आहे, म्हणून ती तेवढी शून्ये निमूटपणे लिहीत सुटेल. त्यातली बरीचशी शून्ये डिस्क-फाइलमध्ये आधीच वाटलेल्या जागेवर बसतील, पण जेथे आजवर काहीच लिहिले गेले नव्हते तेथे लिहिताना फाइल वाढेल आणि ६०० जीबींच्या मर्यादेपर्यंत जाईल. आपल्याकडे मोकळे आहेत ४० जीबी आणि फाइल वाढू शकते ६० जीबींनी, तेव्हा हा हिशेब कोठे जाऊन थांबेल ते उघड आहे. होस्टवर जागा उरली नाही की क्यूईएमयू (मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) सहसा लिहू पाहणारी मशीन आहे त्या स्थितीत थांबवून ठेवते. व्हर्श या मशीन हाताळण्याच्या कमांडच्या लिस्टमध्ये ती पॉज्ड अशी दिसते आणि जागा मोकळी करून व्हर्श रिझ्यूम दिल्यावर पुन्हा चालू होते. म्हणजे विदा लगेच नष्ट होत नाही. पण त्याच पार्टिशनवरच्या बाकीच्या मशीनही एकेक करून थांबू शकतात आणि वाचकांची सूचीही त्यांच्यासोबत बंद पडेल.

आता हे मुळात का घडते ते पाहू. आपण मशीनमध्ये टिफ फाइल पुसता तेव्हा आतली ईएक्सटी४ फाइल सिस्टिम त्या फाइलचे ब्लॉक आपल्या नोंदीत रिकामे म्हणून मांडते, एवढेच. ब्लॉकमधला मजकूर जागच्या जागी राहतो. होस्टला ही आतली फाइल सिस्टिम ठाऊक नसते, त्याला फक्त वाचलेले आणि लिहिलेले ब्लॉक दिसतात. म्हणून एकदा लिहिला गेलेला ब्लॉक त्याच्या दृष्टीने कायम वापरात असतो. त्यात ईएक्सटी४ नव्या फाइलीसाठी दरवेळी आधीच्याच रिकाम्या जागा वापरेल असे नाही, त्यामुळे आपल्यासारख्या कामात, जेथे मोठ्या फाइली सतत येतात आणि जातात, तेथे डिस्क-फाइल हळूहळू तिच्या पूर्ण मापाला जाऊन भिडते.

हे ब्लॉक आता नको आहेत, असे गेस्टने, म्हणजे आतल्या मशीनने, होस्टला कळवण्याची सोय आहे आणि तिला डिस्कार्ड म्हणतात. एफएसट्रिम नेमके तेच काम करते. मात्र तो निरोप बऱ्याच टप्प्यांतून जातो: आतली फाइल सिस्टिम, तिच्याखाली एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर) असल्यास ते, मग आभासी डिस्कचा कंट्रोलर, मग क्यूईएमयू, आणि शेवटी होस्टची फाइल सिस्टिम, जी डिस्क-फाइलमध्ये त्या ठिकाणी पोकळी पाडून जागा सोडते. यांतल्या एकाही टप्प्यावर निरोप अडला तर पुढे काहीच घडत नाही. आपल्याला त्रुटी दिसली नाही याचे कारण असे की, सर्व फाइल सिस्टिमसाठी एकदम चालवताना डिस्कार्डची सोय नसलेल्या डिस्क एफएसट्रिम गुपचूप वगळते. त्याऐवजी फक्त मुळाच्या (रूट) फाइल सिस्टिमचे नाव देऊन, व्हर्बोस (सविस्तर उत्तराच्या) पर्यायासह ती चालवा आणि काय उत्तर येते ते येथे लिहा. सोबत मशीनच्या आत एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड डिस्कार्ड पर्यायासह द्या. होस्टवरून व्हर्श डम्पएक्सएमएलमधील (मशीनच्या रचनेच्या वर्णनातील) डिस्कचा भाग आणि मशीन टाइपची ओळही हवी आहे.

ग्रंथसेवक

इतक्या तत्परतेने आणि सविस्तर उत्तर दिल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. शून्यांची फाइल केली नाही.

मुळाच्या फाइल सिस्टिमचे नाव देऊन एफएसट्रिम चालवले तेव्हा मात्र डिस्कार्डची क्रिया या डिस्कवर चालत नाही, अशा अर्थाचा संदेश आला. एलएसबीएलकेच्या उत्तरात डिस्कार्डच्या सर्व स्तंभांत शून्य दिसते. डिस्क व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या) बसवर असून तिचे नाव व्हीडीए आहे. एक्सएमएलमध्ये ड्रायव्हरच्या ओळीत डिस्कार्डचा उल्लेख नव्हता. तो जोडून त्याला अनमॅप हे मूल्य दिले, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली, तरी आतून पाहिल्यास स्तंभ शून्यच आहेत. मशीन टाइपच्या ओळीत पीसी-आय४४०एफएक्स-बायोनिक असे लिहिलेले आहे. ही मशीन आमच्या जुन्या, उबुंटू १८.०४ असलेल्या सर्व्हरवर तयार केली होती आणि नवा सर्व्हर आल्यावर जशीच्या तशी येथे हलवली.

कळफलक

आपण दिलेल्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे.

व्हर्टआयओ-ब्लॉक प्रकारच्या डिस्कला डिस्कार्डची सोय फार उशिरा, २०१९ मध्ये मिळाली: होस्टच्या बाजूने क्यूईएमयू ४.० मध्ये आणि गेस्टच्या बाजूने लिनक्स कर्नल ५.० मध्ये. आपल्या होस्टवरचे क्यूईएमयू ६.२ आहे आणि गेस्टचा कर्नल ५.४, तेव्हा दोन्ही पुरेसे नवे आहेत. पण मशीन टाइपचा हेतूच असा आहे की, क्यूईएमयू कितीही नवे झाले तरी जुन्या मशीनला तिचे जुनेच हार्डवेअर दिसत राहावे. बायोनिक (उबुंटू १८.०४ चे नाव) हा प्रकार क्यूईएमयू २.११ च्या काळातला आहे. म्हणून नवे क्यूईएमयू आपल्या मशीनला मुद्दाम डिस्कार्ड नसलेली डिस्क दाखवते आणि ड्रायव्हरच्या ओळीत अनमॅप लिहूनही आत काही फरक पडत नाही. मशीन हलवताना एक्सएमएल तसेच आणले जाते, त्यामुळे ही गोष्ट कित्येक सर्व्हरवर वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि या विषयावरच्या बहुतेक मार्गदर्शनात तिचा उल्लेखही नसतो, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे मशीन बंद करून व्हर्श एडिटमध्ये मशीन टाइप बदलून पीसी-आय४४०एफएक्स-जॅमी (जॅमी म्हणजे उबुंटू २२.०४) करणे. आय४४०एफएक्स हेच घराणे ठेवा. या कामासाठी क्यू३५ या दुसऱ्या घराण्यावर जाऊ नका, कारण तेथे पीसीआयची (आतल्या कार्डांच्या जोडणीची) मांडणी बदलते आणि नेटवर्क कार्डाचे नावही बदलू शकते. दुसरा मार्ग म्हणजे मशीन टाइप आहे तोच ठेवून डिस्क व्हर्टआयओ-स्कझी कंट्रोलरला जोडणे, कारण त्या कंट्रोलरला डिस्कार्ड पुष्कळ आधीपासून कळते. मात्र मग डिस्कचे नाव व्हीडीएऐवजी एसडीए होईल, म्हणून आधी एफएसटॅब (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) पाहून तेथे डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख-क्रमांक, वापरले आहे ना याची खात्री करावी लागेल. मी आपल्या जागी असतो तर पहिला मार्ग निवडला असता. दोहोंतही जुन्या एक्सएमएलची प्रत जपून ठेवा आणि बदलानंतर मशीन आतून रीबूट न करता पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आतल्या रीबूटने क्यूईएमयूची प्रक्रिया तीच राहते आणि बदल लागू होत नाही.

एवढे झाले की एलएसबीएलकेच्या स्तंभांत शून्याऐवजी आकडे दिसू लागतील. त्यानंतरच एफएसट्रिम चालवा.

दीपमाळ

कळफलक यांचे निदान अचूक आहे. त्यात एका पर्यायाची भर घालतो, कारण ग्रंथसेवक यांची मशीन रात्री बंद ठेवता येते आणि होस्टवरची जागा त्यांना तातडीने हवी आहे.

लिबगेस्टएफएस-टूल्स या पॅकेजमध्ये व्हर्ट-स्पार्सिफाय नावाची कमांड येते. ती स्वतःचे एक छोटे लिनक्स उभे करते, आपली डिस्क-फाइल त्याला जोडते आणि आतल्या फाइल सिस्टिमवर ट्रिम चालवते. त्या छोट्या लिनक्सला डिस्कार्ड कळणारा कंट्रोलर मिळालेला असल्याने आपल्या मशीनच्या एक्सएमएलमध्ये काय लिहिले आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते. तिला इन-प्लेस हा पर्याय अवश्य द्या. तो दिला नाही तर ती नवी प्रत तयार करू लागेल आणि त्यासाठी लागणारी जागा आपल्याकडे नाही.

मशीन चालू असताना ही कमांड चुकूनही वापरू नये. एकाच फाइल सिस्टिमवर दोन कर्नल एकाच वेळी लिहू लागले तर ती फाइल सिस्टिम बिघडते, आणि आपल्या बाबतीत त्याचा अर्थ अद्याप दुसरीकडे न गेलेले स्कॅन गमावणे असा होईल. व्हर्श लिस्टमध्ये मशीन शट ऑफ दिसल्याची खात्री करून, तत्पूर्वी बॅकअप घेऊनच तिला हात लावा. शिवाय हा एका वेळेचा उपाय आहे. पुढे फाइल पुन्हा वाढू नये यासाठी मशीन टाइपचा बदल करावाच लागेल.

क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्टविषयी एक खुलासा. पुष्कळ जण समजतात की नुसते कन्व्हर्ट केले की नवी फाइल लहान होते. कन्व्हर्ट करताना शून्यांनी भरलेले भाग वगळले जातात हे खरे, पण पुसलेल्या टिफ फाइलींचे अवशेष शून्ये नसतात. ते जुना मजकूर म्हणून ब्लॉकमध्ये तसेच असतात आणि इमानेइतबारे नव्या फाइलीतही उतरतात. म्हणून आधी ट्रिम झाल्याशिवाय कन्व्हर्ट केल्याने आपल्या हाती फारसे काही लागणार नाही.

ग्रंथसेवक

आपणा दोघांच्या मार्गदर्शनामुळे फार मोठे काम झाले. मशीन बंद करून बॅकअप घेतला, मशीन टाइप बदलून जॅमी केला आणि मशीन चालू केली. एलएसबीएलकेमध्ये आकडे दिसले. एफएसट्रिमने ४९० जीबींहून अधिक जागा ट्रिम झाल्याचे सांगितले आणि होस्टवरचा डीयूचा आकडा ५४० वरून १४८ जीबींवर आला. होस्टला श्वास घ्यायला जागा मिळाली.

आता तीन शंका उरल्या आहेत. पहिली अशी की, आत ८५ जीबी वापरात असताना होस्टवर १४८ का दिसतात? दुसरी, एलएसच्या यादीत डिस्क-फाइलचा आकार पूर्वीइतकाच मोठा का दिसतो? आणि तिसरी, एफएसट्रिम लगेच पुन्हा चालवले तर शून्य बाइट ट्रिम झाले असे उत्तर येते. काही बिघडले तर नाही ना?

कळफलक

वाचून खरोखर आनंद झाला. तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत सोपी आहे. कोणत्या ब्लॉक-गटांवर ट्रिम होऊन गेले आहे, हे ईएक्सटी४ स्मरणात ठेवते आणि त्या गटात पुन्हा काही पुसले जाईपर्यंत त्याला हात लावत नाही. म्हणून दुसऱ्यांदा शून्य येणे अगदी स्वाभाविक आहे. पहिल्या वेळचा ४९० चा आकडाही होस्टला परत मिळालेल्या जागेचा नव्हता. फाइल सिस्टिमने जेवढी मोकळी जागा खाली कळवली, तेवढा तो आकडा होता. खरा हिशेब नेहमी होस्टवर डीयूने किंवा क्यूईएमयू-आयएमजी इन्फोमधील डिस्क साइझच्या ओळीने करावा.

एलएस फाइलची लांबी दाखवते आणि डीयू तिने प्रत्यक्ष अडवलेली जागा दाखवते. डिस्कार्डमुळे फाइलच्या मधल्या भागात पोकळ्या पडल्या, पण तिचे टोक होते तेथेच राहिले, म्हणून लांबी बदलली नाही. चाळणीला कितीही भोके असली तरी तिचा घेर बदलत नाही, तसेच हे आहे. मात्र फाइलची प्रत काढताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एससीपी या प्रत पाठवण्याच्या कमांडने ही फाइल दुसरीकडे पाठवली तर पोकळ्यांच्या जागी खरीखुरी शून्ये लिहिली जातील आणि बॅकअपच्या डिस्कवर पुन्हा पाचशेहून अधिक जीबी खर्ची पडतील. त्यासाठी आरसिंक ही कमांड वापरत असाल तर स्पार्स (पोकळ्या राखण्याचा) हा पर्याय द्या. मशीन बंद असताना क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्टने प्रत काढली तर आणखी उत्तम, कारण आता ट्रिम झालेले असल्याने नवी फाइल लांबीनेही लहान निघेल.

राहिली पहिली शंका. ८५ आणि १४८ मधले इतके मोठे अंतर क्यूकाऊ२ च्या स्वतःच्या नोंदींमुळे पडत नाही. ६४ केबीच्या क्लस्टरमधला (क्यूकाऊ२ ज्या तुकड्यांत जागा वाटते त्यातला) थोडासाच भाग रिकामा झाला तर तो क्लस्टर सुटत नाही, त्यातही काही जागा अडकते, पण आपल्याकडे फाइली मोठ्या असल्याने तीही फार नसावी. मला अंतर्गत स्नॅपशॉटची, म्हणजे डिस्क-फाइलीतच जपलेल्या जुन्या स्थितीची, शंका येते. होस्टवर व्हर्श स्नॅपशॉट-लिस्ट देऊन पाहा. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी जे क्लस्टर वापरात होते ते त्या स्नॅपशॉटच्या मालकीचे राहतात. आतून ते पुसले, ट्रिम केले, तरी क्यूईएमयू ते सोडत नाही आणि सोडूही नये, कारण उद्या आपण त्या क्षणाकडे परत जाऊ शकता.

ग्रंथसेवक

आपली शंका खरी ठरली. गेस्टची आवृत्ती वाढवण्यापूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट यादीत होता. त्याची आता गरज नसल्याची सहकाऱ्यांकडून खात्री करून घेऊन व्हर्श स्नॅपशॉट-डिलीटने तो काढला आणि डीयूचा आकडा ९२ जीबींवर आला. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आरसिंकला स्पार्स पर्यायही जोडला आहे.

पुढे हे आपोआप होत राहावे म्हणून माउंटच्या पर्यायांत डिस्कार्ड लिहावे, की दर आठवड्याला एफएसट्रिम चालणे पुरेसे आहे?

दीपमाळ

आठवड्याचे एफएसट्रिम पुरेसे आहे. माउंटमध्ये डिस्कार्ड लिहिल्यास फाइल पुसताना दरवेळी तो निरोप खाली जातो आणि हजारो फाइली एकदम पुसणाऱ्या आपल्यासारख्या कामात त्याचा भार जाणवू शकतो. उबुंटूमध्ये एफएसट्रिम-टायमर (ते ठरावीक वेळी चालवणारी सोय) सहसा आधीपासूनच चालू असतो. सिस्टिमसीटीएल या कमांडने त्याची स्थिती तेवढी पाहून घ्या. रविवार संपून सोमवार लागताना तो जागा होतो. एकाच होस्टवर अनेक मशीन असतील तर सगळ्यांचे ट्रिम त्याच वेळी सुरू होऊन डिस्कवर ताण येतो, म्हणून प्रत्येक मशीनची वेळ थोडी पुढेमागे करून ठेवणे चांगले. स्कॅनिंगचा मोठा गठ्ठा संपवून फाइली पुसणारी आपली जी स्क्रिप्ट असेल, तिच्या शेवटी एफएसट्रिमची ओळ जोडली तर आठवडाभर थांबावेही लागणार नाही.

होस्टची डिस्क एसएसडी असेल तर होस्टवरचाही टायमर तपासा. गेस्टने सोडलेली जागा होस्टच्या फाइल सिस्टिमला मिळाली, पण ती एसएसडीपर्यंत कळवण्याचे काम होस्टच्या एफएसट्रिमचे आहे.

आंबोली

या चर्चेचा मलाही फार उपयोग झाला, म्हणून माझी अडचण येथेच मांडतो. माझ्या मशीनमध्ये लक्स या लिनक्सच्या डिस्क-कूटबद्धतेच्या पद्धतीने कूटबद्ध केलेले पार्टिशन आहे. एलएसबीएलकेमध्ये व्हीडीएपुढे आकडे दिसतात, पण त्याखालच्या कूटबद्ध थरापुढे शून्य आहे. मशीन टाइप नवाच आहे.

कळफलक

आपल्याकडे निरोप लक्सच्या थरावर अडतो आहे. डीएम-क्रिप्ट (लक्सचे काम करणारा कर्नलमधला भाग) स्वतःहून डिस्कार्ड पुढे जाऊ देत नाही, आणि त्यामागे विचार आहे: डिस्कार्ड गेल्यावर डिस्क-फाइलमधल्या पोकळ्यांवरून कोणता भाग वापरात आहे आणि कोणता रिकामा, हे होस्टवर बसलेल्या कोणालाही दिसते. मजकूर वाचता येत नाही, पण वापराचा नकाशा उघडा होतो.

होस्ट आपल्याच ताब्यात असेल आणि कूटबद्धता मुख्यतः बॅकअपची डिस्क हरवली तर मजकूर वाचला जाऊ नये यासाठी असेल, तर परवानगी द्यायला माझ्या मते हरकत नाही. क्रिप्टटॅबमध्ये (कूटबद्ध पार्टिशनांच्या यादीत) त्या पार्टिशनच्या ओळीच्या पर्यायांत डिस्कार्ड जोडा, मुळाची फाइल सिस्टिम त्यावर असेल तर इनिट्रामएफएस (सुरू होताना आधी चढणारी छोटी प्रणाली) पुन्हा तयार करा आणि मशीन रीबूट करा; हा बदल गेस्टच्या आतला असल्याने येथे आतले रीबूट चालते. होस्ट दुसऱ्या कोणाचा असेल, भाड्याने घेतलेला असेल, तर मी ही परवानगी देणार नाही आणि त्याऐवजी डिस्कच गरजेपुरती लहान ठेवीन.

आपली मशीन यांतल्या कोणत्या प्रकारच्या होस्टवर आहे?

आंबोली

होस्ट आमच्याच कार्यालयात, आमच्याच ताब्यात आहे. क्रिप्टटॅबमध्ये पर्याय जोडून इनिट्रामएफएस पुन्हा तयार केले आणि मशीन रीबूट केली. आता कूटबद्ध थरापुढेही आकडे दिसतात, एफएसट्रिम चालते आणि होस्टवर डीयूचा आकडा उतरला आहे.